कोविडनंतरची 'रेमोंडा': गोष्ट का बदलली आणि डान्सर परत उभे कसे राहिले

तुम्ही लिहिलंय की तुमची मुलगी नाशिकला आधी भरतनाट्यम शिकली, आता दोन वर्षं बॅले करतेय, तिने इंग्लिश नॅशनल बॅलेच्या 'रेमोंडा'चे तुकडे व्हिडिओवर बघितले आणि तिला तीन शंका आल्या. थिएटरं दोन वर्षं बंद राहिल्यावर डान्सर परत तीन अंकांचा बॅले नाचायला तयार कसे झाले? परत यायचंच होतं तर जुनं जसंच्या तसं का नाही केलं? आणि गोष्ट बदलल्यावर त्याला क्लासिक म्हणायचं का? मी लंडनच्या पूर्व भागात एकवीस वर्षं बॅले शिकवतेय, लहान मुलं, मोठी माणसं, दुखापतीतून परत येणारे, सगळेच. या कंपनीत मी कधी नव्हते, त्यामुळे आतल्या गोष्टी मी सांगणार नाही, पण हा बॅले जानेवारी २०२२ला लंडन कोलिझियममध्ये त्या एका आठवड्यात मी दोनदा बघितला, एकदा वरून आणि एकदा बऱ्यापैकी पुढून. आणि परत उभं राहणं म्हणजे काय ते त्या काळात माझ्या वर्गात रोज बघत होते, म्हणून लिहायला बसले, मोठं होईल.

पहिली गोष्ट, पूर्ण दोन वर्षं बंद असं नव्हतं. लंडनची थिएटरं १६ मार्च २०२०ला बंद पडली, त्या वर्षाच्या शेवटी काही थोडे दिवस उघडून परत बंद झाली, मे २०२१च्या मध्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून उघडली आणि जुलैपासून पूर्ण भरायला लागली. मधल्या काळात कंपन्या नुसत्या बसून नव्हत्या. या कंपनीने २०२०च्या शरदात पाच छोट्या नृत्यरचना केल्या त्या थेट कॅमेऱ्यासाठी, आणि मे २०२१ला सॅडलर्स वेल्स या लंडनच्या थिएटरला परत आली ती त्याच पाच रचना घेऊन, कार्यक्रमाचं नावच 'रियुनियन' होतं. मग जूनमध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलला वेगवेगळ्या बॅलेंमधले निवडक भाग, सप्टेंबरमध्ये अक्रम खान या नृत्यदिग्दर्शकाचा 'क्रीचर', तोही २०२०मधून पुढे ढकललेला, हिवाळ्यात नेहमीचा 'नटक्रॅकर', आणि मग १८ जानेवारी २०२२ला 'रेमोंडा'. हा क्रम नीट बघा. आधी वीस मिनिटांच्या आतबाहेरचं काम, मग तुकडे, मग एक अख्खी रचना, आणि सगळ्यात शेवटी तो बॅले ज्यात नायिकेलाच पाच-सहा सोलो आहेत. प्रोग्रामिंग म्हणून लोक याच्याकडे तिकीटविक्रीच्या नजरेने बघतात, मला मात्र तो क्रम एखाद्या चांगल्या फिजिओने लिहून दिल्यासारखा दिसतो.

कारण असं आहे. लॉकडाऊनमध्ये प्रत्येकाने घरीच क्लास केला, तमारा रोहो, म्हणजे तेव्हाची या कंपनीची आर्टिस्टिक डायरेक्टर, घरून ऑनलाइन क्लास घेत होती आणि जगभरातली माणसं तिच्याबरोबर करत होती, मी पण केले. मी स्वतः किचनच्या ओट्याला धरून झूमवर शिकवलं. ओट्याला धरून प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, होतं, टॉन्द्यू, म्हणजे पाय जमिनीवरून ताणत सरकवणं, होतं, पाय वर धरून ठेवता येतो, म्हणजे बारचं, दांडीला धरून करायचं, काम बऱ्यापैकी होतं. उडी होत नाही. खाली सिमेंट आणि वर पातळ लॅमिनेट, त्यात माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायचं, तर वर्गाचा पहिला नियमच होता की कोणी उडी मारायची नाही. स्टुडिओची जमीन आतून लवचिक असते, तिच्याखाली लाकडी पट्ट्यांचा किंवा फोमचा थर असतो, ती पायाचा धक्का खाते. साध्या उडीतून खाली येताना पायावर अंगाच्या वजनाच्या तीन-चार पट भार येतो, मोठ्या उडीत अजून जास्त, आणि तो भार हजारो वेळा घेऊन घेऊनच डान्सरचं नडगीचं हाड, पावलाची लांब हाडं, टाचेमागची कंडरा तयार झालेली असते. ती सवय सुटली की हाडाला ते काम आठवत नाही हो.

आणि इथेच फसगत होते. दम आधी परत येतो, दोन-तीन आठवडे धावलं की येतो. स्नायू त्याच्या मागोमाग येतात. कंडरा आणि हाड मात्र महिने घेतात. म्हणजे डान्सरला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटायला लागतं की मी पहिल्यासारखी झाले, आरशात पण तसंच दिसतं, आणि नेमकं तेव्हाच नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. माझ्या एका विद्यार्थिनीचं हेच झालं, एकोणीस वर्षांची, हुशार, घरी रोज दीड तास मेहनत केलेली, हॉल उघडल्यावर मी तिला अडवायला हवं होतं आणि मी अडवलं नाही, कारण तिला परत उड्या मारताना बघून मलाच भरून आलं होतं. दहा आठवडे बसली ती. त्यानंतर मी उड्यांची मोजणी करायला लागले, अक्षरशः वहीत लिहून, आज चाळीस, परवा साठ, एक दिवस सोडून. कंपन्यांमध्ये हे काम फिजिओ आणि रिहर्सल घेणारे मिळून करतात, पण तत्त्व तेच.

पॉइंट शूजचं, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायच्या बुटांचं, वेगळंच. त्याचा पुढचा डबा कापड, कागद आणि खळीचा असतो, खळ वाळून कडक होते आणि घामाने परत मऊ पडते, म्हणून मोठ्या भूमिकेत एकेका प्रयोगात एक-दोन जोड सहज जातात. बोटांना वर्षानुवर्षांचे घट्टे पडलेले असतात, ते घरी बसून मऊ पडले, मग परत फोड, परत रक्त, परत घट्टे. याला काही शॉर्टकट नाही. तुमच्या मुलीला पॉइंट अजून दिलं नसेल तर घाई करू नका, शिक्षिका नाही म्हणत असेल तर तिच्या बाजूने उभं राहा.

अजून एक गोष्ट घरी अजिबात टिकत नाही ती म्हणजे सोबतीने नाचणं. पा द द, म्हणजे जोडीचं नृत्य, यात कोण किती वजन कुठे सोडतंय हे हाताला कळावं लागतं. सुरुवातीच्या नियमांत एकमेकांना हात लावायची परवानगी नव्हती, मग छोटे गट केले, त्यातही बऱ्याच ठिकाणी खऱ्या आयुष्यात एकत्र राहणारी जोडपीच आधी एकत्र नाचली. आणि कोर द बॅले, म्हणजे तो मोठा ताफा, त्याचं दुखणं अजूनच खोल. ओळ सरळ ठेवायची असते ती डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीला बघत, आणि उचल असते ती श्वासाची. झूमवर सगळ्यांचा आवाज मागेपुढे होतो, तिथे कोणाचा श्वास ऐकणार तुम्ही. त्या रात्री 'रेमोंडा'च्या पहिल्या अंकातल्या स्वप्नात तो पांढऱ्या वेशातला ताफा एका श्वासात हलला तेव्हा, मी तर खोटं सांगणार नाही, मास्कच्या आत रडत होते. गोष्टीपेक्षा मला ते एकत्र उचललेले पाय जास्त लागले.

आता दुसरा प्रश्न, जुनं तसंच का नाही केलं. त्यासाठी जुनं काय होतं ते आधी बघू.

'रेमोंडा' पहिल्यांदा सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरला १८९८च्या जानेवारीत झाला. नृत्यरचना मारियुस पेतिपाची, तेव्हा तो ऐंशीला टेकलेला. संगीत अलेक्झांडर ग्लाझुनोव्हचं, वय ३२, आणि त्याचा हा पहिला बॅले. रेमोंडा नाचली पिएरिना लेन्यानी. चायकोव्स्की १८९३ला गेला होता आणि त्याच्यानंतर बॅलेला एवढं भरदार संगीत कोण देणार हा प्रश्न होता, ग्लाझुनोव्हने ते दिलं. मी वर्गात पियानोवर त्यातले तुकडे वाजवून घेते, मुलांचे खांदे आपोआप खाली येतात आणि मान लांब होते, संगीतातच ती शिस्त आहे.

पण गोष्ट. मध्ययुगातलं फ्रान्स, रेमोंडा नावाची सरदारघराण्यातली मुलगी, तिचा वाग्दत्त जाँ द ब्रिएन धर्मयुद्धाला गेलाय. मागे अब्देरखमान नावाचा मुस्लिम सरदार येतो, तिच्यावर भाळतो, नजराणे देतो, ती नाही म्हणते, तो तिला पळवायला बघतो, तेवढ्यात जाँ परत येतो, द्वंद्व होतं, अब्देरखमान मरतो. तिसऱ्या अंकात लग्न, आणि हंगेरीचा राजा पाहुणा असतो म्हणून सगळी हंगेरियन नृत्यं. बस. रेमोंडा पूर्ण बॅलेभर स्टेजवर आहे, जीव तोडून नाचते, आणि गोष्टीत तिने स्वतः ठरवलेलं असं जवळजवळ काहीच नाही. एक बाप्या दुसऱ्या बाप्याला मारतो आणि निकाल लागतो. त्यात मुस्लिम माणूस म्हणजे वासनेने पेटलेला परका. म्हणून ब्रिटनमध्ये अख्खा 'रेमोंडा' क्वचितच होतो, लोक तिसरा अंक तेवढा काढून करतात, लग्नाची नृत्यं, कारण तिथे गोष्ट संपलेली असते आणि नुसता डान्स उरतो. रुडॉल्फ नुरेयेव्ह या रशियन नर्तकाने मात्र याच्यावर परत परत काम केलं, १९६४पासून, पॅरिस ऑपेराचा त्याचा १९८३चा प्रयोग अजून नाचला जातो, आणि अब्देरखमानला त्यानेही जास्त वजन दिलं. म्हणजे हा बॅले आतून अडखळतोय हे कळलेली रोहो काही पहिली नाही.

रोहोने काय केलं, तर गोष्ट उचलून १८५३ ते १८५६च्या क्रिमियन युद्धात नेली. रेमोंडा इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरातली मुलगी, घरातून निघून जाते आणि युद्धावर नर्स होते, फ्लोरेन्स नाइटिंगेलवरून सुचलेली. जाँचा झाला जॉन द ब्रायन, सैनिक. आणि अब्देरखमानचा झाला अब्दुर रहमान, ऑटोमन सैन्याचा सरदार, जॉनचा मित्र. ही जागा मला फार आवडली, कारण ती इतिहासातून आलीय. क्रिमियन युद्धात ब्रिटन आणि ऑटोमन साम्राज्य खरोखर एका बाजूला होते, रशियाच्या विरुद्ध. म्हणजे 'मुस्लिम माणूस चांगला दाखवा' असं वरून चिकटवलेलं नाही वाटत, त्या काळात त्या छावणीत तो असणारच. आणि मग रेमोंडाच्या मनात दोघांबद्दल काहीतरी असणं हे पाप होत नाही, पेच होतो. शेवटी ती दोघांपैकी कोणाच्याच मागे न जाता आपल्या कामाकडे निघते.

आता वेळ बघा. हा बॅले २०२०च्या शरदातच येणार होता. २०२० हे नाइटिंगेलच्या जन्माचं दोनशेवं वर्ष, ती १२ मे १८२०ची, जागतिक आरोग्य संघटनेने ते वर्ष नर्स आणि सुइणींचं म्हणून आधीच जाहीर केलं होतं. म्हणजे नर्सवर बॅले हे कोविड यायच्या आधीच ठरलेलं. मग कोविड आला, आणि एप्रिल २०२०ला एक्सेल सेंटर नावाच्या प्रदर्शनाच्या अवाढव्य हॉलमध्ये तात्पुरतं हॉस्पिटल उभं केलं, त्याचं नाव ठेवलं नाइटिंगेल. हा हॉल आणि कंपनीची लंडन सिटी आयलंडवरची इमारत दोन्ही याच पूर्व लंडनमध्ये, माझ्या रोजच्या रस्त्यावर. २०१९ला कंपनी त्या नव्या जागेत आली होती, काचेसारखी चकचकीत पांढरी इमारत, वर्षही झालं नाही तोवर सगळं ओस. मी आठवड्याचं सामान आणायला जायचे तेव्हा ती इमारत रिकामी दिसायची आणि थोडं पुढे अँब्युलन्सची रांग.

तर जेव्हा शेवटी हा बॅले स्टेजवर आला तेव्हा प्रेक्षकातला प्रत्येक जण गेल्या दोन वर्षांत कुठल्या ना कुठल्या नर्सच्या जिवावर असलेला होता. स्वप्नाच्या प्रवेशात त्या ताफ्यातल्या सगळ्याजणी नर्स म्हणून हातात दिवे घेऊन येतात. पेतिपाच्या काळातही इथे पांढऱ्या वेशातल्या बायकांचा ताफाच होता, स्वप्नातल्या, हवेतल्या, त्यांना काही काम नव्हतं. आता त्यांना काम मिळालं. २०२०मध्ये ठरल्याप्रमाणे झाला असता तर लोकांनी 'छान कल्पना' म्हटलं असतं. २०२२ला कोलिझियमच्या तेवीसशेच्या वर खुर्च्या असलेल्या त्या सभागृहात, सगळ्यांच्या तोंडाला मास्क असताना, कोणी खोकलं नाही तेवढ्या वेळात.

माझी आई सिव्हिलला सिस्टर होती, तेहतीस वर्षं. नाइट ड्यूटीला वॉर्डातले दिवे मालवले की ती छोटी बॅटरी घेऊन कॉटाकॉटाने फिरायची, बॅटरीवर निळा कागद लावायची म्हणजे पेशंटच्या डोळ्यावर उजेड येऊ नये. मी तिला फोनवर हे सगळं सांगितलं, दिवे घेऊन नाचणाऱ्या नर्सेस. ती म्हणाली, "दिवा कुठे धरला होता गं त्यांनी? खाली का वर?" मी म्हटलं, बहुतेक पुढे धरला होता. "खाली धरायचा असतो, पायाशी. तोंडावर मारायचा नसतो." दुसऱ्या वेळी बघताना मी फक्त दिव्यांचीच उंची बघत बसले होते.

तिसरा प्रश्न, खरी क्लासिक म्हणायची का. माझं उत्तर हो, आणि का ते सांगते.

पेतिपाच्या शेवटच्या काळात व्लादिमीर स्तेपानोव्ह नावाच्या नर्तकाने नाच लिहून ठेवायची एक पद्धत काढली, गाण्याच्या नोटेशनसारख्या खुणांची, १८९२ला ती छापली. मारिन्स्कीचे कितीतरी बॅले तशा खुणांत उतरवले गेले. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह ती बाडं घेऊन रशियाबाहेर पडला आणि त्याच्याच जिवावर १९३०च्या दशकात लंडनला 'जिझेल', 'स्वान लेक' उभे राहिले. आज ती बाडं अमेरिकेत हार्वर्डला आहेत, त्यात 'रेमोंडा' पण आहे. रोहोने या कामासाठी त्या खुणा वाचणारा अभ्यासक, डग फुलिंग्टन, बरोबर घेतला. म्हणजे गोष्ट बदलणारीच बाई पावलं शोधायला सव्वाशे वर्षं मागे गेली. ज्या प्रयोगात गोष्ट जुनी ठेवतात तिथे बऱ्याचदा पावलंच हातोहात बदलत आलेली असतात, कोणी दोन फिरक्या वाढवल्या, कोणी लय संथ केली, कोणाला एक स्टेप जमेना म्हणून दुसरी घातली, आणि आपण त्याला परंपरा म्हणतो.

त्या बाडांबद्दल एक गंमतीची नाही तर महत्त्वाची गोष्ट, त्यात पाय सविस्तर असतात आणि हात, मान, पाठ बऱ्याच ठिकाणी लिहिलेलीच नसतात. तुमच्या मुलीला हे लगेच कळेल. अडवू, म्हणजे भरतनाट्यमची मूळ पावलं, वहीत लिहून काढता येतात, पण ताईंची मान कशी वळायची ते वहीत येत नाही, ते ताईंकडून ताईंसमोर बसूनच घ्यावं लागतं. म्हणून कागदावरून उभा केलेला बॅले निम्मा तरी आजच्या माणसांनी भरलेला असतो. सगळं जुनं शंभर टक्के तसंच, असं काही नसतंच.

संगीत पण ग्लाझुनोव्हचंच आहे, गॅव्हिन सदरलंड या कंडक्टरने ते नव्या गोष्टीसाठी संपादित केलं. आपल्याकडे जुनी संगीत नाटकं पाच-पाच तास चालायची, रात्र सरायची, आता ती अडीच तीन तासांत बसवतात, प्रवेश कापतात, पदं ठेवतात, आणि आपण त्याला तेच नाटक म्हणतो कारण पद तेच ऐकू येतं. इथेही तसंच. फक्त एक अडचण नाटकापेक्षा मोठी आहे. पेतिपा संगीतकाराला आधीच मोजून सांगायचा की इथे इतक्या मात्रा, इथे ती दचकते, इथे तो येतो. म्हणजे जुनी गोष्ट संगीताच्या हाडात शिरलेली आहे. तुम्ही खलनायक काढलात तरी वाद्यवृंदात तो अजून गुरगुरतोच. दुसऱ्या अंकात मला हे दोन-तीन ठिकाणी जाणवलं, खाली ब्रास, म्हणजे तुतारीसारखी पितळी वाद्यं, धोक्याची सूचना देतंय आणि वर माणसं तंबूतल्या मेजवानीत गप्पा मारतायत. तिसऱ्या अंकातही, लग्न इंग्लंडमधल्या खेड्यात आणि नृत्यं हंगेरियन, त्यासाठी शेतावरचे हंगेरियन मजूर आणलेत, मला ते पटलं पण पटवून घ्यावं लागलं. नाच सुरू झाल्यावर मात्र कोण कुठला मजूर हे विसरायला होतं. आणि अँटनी मॅकडोनल्डचं नेपथ्य, जुन्या युद्धफोटोंची आठवण देणारं, ते पहिल्या अंकात फार उपयोगी पडलं, तुम्ही लगेच त्या काळात जाता.

याच कंपनीने दुसऱ्या टोकाचंही काम केलंय. २०१६ला अक्रम खानने त्यांच्यासाठी 'जिझेल' केला, तो कथकमधला माणूस, त्याने गोष्टीचा सांगाडा ठेवला आणि पावलं, संगीत, जागा सगळं नवं केलं, शेतकऱ्यांच्या जागी बंद पडलेल्या कपड्यांच्या फॅक्टरीतले स्थलांतरित कामगार आणि मध्ये एक प्रचंड भिंत. मुंबईची माझी एक मैत्रीण, गिरणगावात वाढलेली, तो बघून थिएटरबाहेर बराच वेळ गप्प उभी होती. तो महान आहे असं मला वाटतं. पण तो नाचायला वेगळं शरीर लागतं, वजन खाली टाकलेलं, गुडघे वाकलेले, जमिनीशी बोलणारं. बंदीतून परत येताना कंपनीला पहिल्यांदा आपलं मूळ शरीर परत मिळवायचं असतं, सरळ पाठ, वळवलेली मांडी, स्वच्छ पाचवी पोझिशन, म्हणजे एका पायापुढे दुसरा घट्ट लावून उभं राहणं, त्यासाठी पेतिपासारखा मास्तर नाही. त्याच्या पावलात लबाडी चालत नाही, पाय अर्धा इंच चुकला तरी मागच्या रांगेतून दिसतं. म्हणून पावलं जुनी आणि गोष्ट नवी हा मेळ त्या वेळेला मला अगदी योग्य वाटला, डान्सरांच्या अंगासाठी जुनं आणि आमच्यासारख्या समोर बसलेल्यांच्या मनासाठी नवं. रोहोचा हा पहिलाच स्वतःचा मोठा बॅले होता, आणि त्याच महिन्यात जाहीर झालं होतं की ती कंपनी सोडून सॅन फ्रान्सिस्को बॅलेला जाणार, त्यामुळे पडदा पडल्यावर लोक बसेचनात.

शेवटी मुलीसाठी एक काम सांगते. तिसऱ्या अंकात रेमोंडाचं ते टाळीचं व्हेरिएशन, म्हणजे एकटीचं छोटं नृत्य, आहे, बाकी वाद्यवृंद गप्प होतो आणि जवळजवळ एकटा पियानो उरतो. पॉइंटवर बारीक बारीक पावलं, ज्याला आम्ही बुरे म्हणतो, एक हात डोक्यामागे, एक कमरेवर, हंगेरियन थाटात, आणि सुरुवातीला टाळी. दिसायला सगळ्यात सोपं, उड्या नाहीत, गरगर फिरक्या नाहीत, आणि करायला भयंकर, कारण पोटऱ्या जळत असताना चेहऱ्यावर ती राणी असावी लागते. यात एक जुना वाद आहे, टाळी ऐकू आली पाहिजे की हात नुसते एकमेकांवरून सरकले पाहिजेत. काही जणी खणखणीत वाजवतात, काहींचे हात हलकेच घासून जातात, आवाज नाही. वाजवली तर ती हुकूम करते, न वाजवली तर ती विचार करते. मी कित्येक वर्षं वाजवणाऱ्यांच्या बाजूची होते. या गोष्टीत, लग्नाच्या दिवशी, जायचं की राहायचं हे अजून ठरलेलं नसताना, मला पहिल्यांदा वाटलं की आवाज नसता तरी चाललं असतं.

मुलीला म्हणावं दोन्ही तऱ्हेच्या तीन-तीन डान्सर शोधून बघ, आधी डोळे मिटून पियानो ऐक, मग पाय बघ, मग सगळ्यात शेवटी हात. आणि मग घरी, अनवाणी, सपाट पायावर, फक्त हात आणि मान करून बघ, पॉइंटची गरज नाही. भरतनाट्यमवाल्या मुलींच्या हाताच्या टोकापर्यंत जीव असतो, तिला ते माझ्या इथल्या विद्यार्थिनींपेक्षा लवकर येईल. टाळी वाजवायची का नाही ते तिने काय ठरवलं ते मला कळवा.